कर्जाचं कारण : फिरायला जाणे

(यवतमाळ इथं दसऱ्यानंतर झालेल्या महिला मेळाव्यातलं हे भाषण. बोलण्यातला सूर तसाच ठेवून थोडी काटछाट केली आहे.)



मला विषय दिला होता 'ग्रामीण स्त्री आणि सार्वजनिक अवकाश'. एमएसडब्ल्यू करताना असल्या मथळ्याखाली मी पानंच्या पानं लिहिली आहेत, आणि त्याला मार्कही चांगले मिळाले आहेत. पण आज ते नको. गेले आठ महिने माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरतेय, ती सांगते. तिच्यात अवकाश येतो का ते तुम्हीच बघा.

येत्या फेब्रुवारीत आम्ही पाच बायका सायकलीवरून नेपाळला जाणार आहोत. पाटण्याहून लुंबिनीपर्यंत. साधारण चारशे किलोमीटर, बारा दिवस. कशासाठी, तर फिरायला. सुट्टी म्हणून.

हसलात ना? आमच्या गावातही असंच झालं. एवढंच की तिथलं हसू लवकर थांबलं आणि प्रश्न सुरू झाले.

आधी पाच जणी कोण ते सांगते. एक मी. वय छत्तीस, नवरा नोकरीला, मुलगा नऊ वर्षांचा. दुसरी अंगणवाडीताई. तिसरी आशा आहे, गावातल्या बाळंतिणींना रात्री-अपरात्री दवाखान्यात नेणारी. चौथी कपडे शिवते, तिला नवऱ्यानं टाकलंय. पाचवी आमच्यात सगळ्यात मोठी, बावन्न वर्षांची, राळेगाव तालुक्यातली. तीन एकर कोरडवाहू, कापूस. तिच्या नवऱ्यानं २००८ साली विष घेतलं. तिला आम्ही आक्का म्हणतो. ती गेल्या वर्षापर्यंत सायकल चालवत नव्हती. मुलीला आठवीत असताना मानव विकासमधून सायकल मिळाली होती. मुलगी लग्न होऊन गेली, सायकल गोठ्यात राहिली. त्याच सायकलीवर आक्का शिकली. पहाटे, पांदण रस्त्यावर, कोणी उठायच्या आत.

या सायकलींबद्दल जाता जाता एक बोलते. आपल्या जिल्ह्यात किती मुलींना शाळेसाठी सायकली मिळाल्या! चांगलंच झालं. बिहारमध्ये २००६ पासून मुलींना सायकली दिल्या, त्याचा नीट अभ्यास झालाय. माध्यमिक शाळेत वेळच्या वेळी दाखल होणाऱ्या मुलींचं प्रमाण त्यामुळे सुमारे तीस टक्क्यांनी वाढलं. पण मी घरभेटींना जाते तेव्हा बघते, शाळा सुटली की त्या सायकलीची सीट वर होते. म्हणजे ती भावाची होते. नाहीतर तिच्यावर दुधाचे कॅन लटकतात. मुलगी सासरी जाते तेव्हा आंदणात फ्रीज जातो, सायकल जात नाही. सायकल शाळेपर्यंतच. शाळेच्या पुढं कुठं जायचंय हा प्रश्न कोणी त्या मुलीला विचारलेला नसतो.

आता खरी गोष्ट. आमचा अंदाज माणशी साडेआठ हजारांचा. रेल्वेचं जाणं-येणं आणि सायकलीचं पार्सल मिळून अडीच, बारा दिवसांचं खाणं-राहणं पाच, आणि सायकल ठीकठाक करायला एक हजार. आक्काकडं अडीच हजार साठले होते. उरलेल्या सहासाठी तिनं बचत गटाकडं कर्ज मागितलं. तिचा हप्ता आजवर एकदाही चुकलेला नाही. गटाच्या मासिक बैठकीला मी होते. सचिव मुलगी नोंदवही उघडून बसली, रक्कम लिहिली, नाव लिहिलं आणि पुढच्या रकान्यावर पेन थांबलं. 'कर्जाचे कारण'.

"काय लिहू?" ती म्हणाली.

"लिही ना, फिराले जातो म्हणून," आक्का म्हणाली.

सगळ्या बायका गप्प झाल्या. मी मुद्दाम ती जुनी नोंदवही मागून घेतली आणि चाळली. सात वर्षांची कर्जं. बियाणं, खत, दवाखाना, मुलाची फी, मुलीचं लग्न, बाळंतपण, मयत, घरावरचे टिन, नवऱ्याची मोटारसायकल. हो, मोटारसायकलसुद्धा, दोनदा. बायकांनी पै-पै साठवून उभ्या केलेल्या पैशात सात वर्षांत एकाही बाईनं स्वतःच्या जिवाच्या हौसेसाठी एक रुपया उचललेला नव्हता. निदान तशी नोंद तरी नव्हती. एकीनं सुचवलं, "तीर्थयात्रा लिही, कोणी काही म्हणनार नाही." दुसरी म्हणाली, "औषधपाणी लिही." दोघींनाही मदतच करायची होती.

आक्का म्हणाली, "खोटं काहून लिहू? मी काय चोरी करून राहिली?"

त्या दिवशी निर्णय झाला नाही. पुढच्या बैठकीपर्यंत ठेवला. मधल्या महिन्यात तिच्या मुलानं माझ्याकडं येऊन सांगितलं, "ताई, बाप फाशी-विषानं गेलेल्या घरातली बाई सहलीला जाते म्हटल्यावर लोक काय म्हणतील? उद्या सरकारी माणूस म्हणेल, यांना कशाला मदत." पोरगा वाईट नाही. त्याला खरंच भीती वाटत होती. आपण कार्यकर्त्यांनीही या भीतीला खतपाणी घातलंय, हे मला त्या दिवशी कळलं. आक्काला गेल्या पंधरा-सतरा वर्षांत आपण किती मंचांवर बसवलं! परिषदा, मोर्चे, सुनावण्या. दर वेळी 'आत्महत्याग्रस्त शेतकऱ्याची पत्नी'. दर वेळी पदर डोक्यावर, हातात नवऱ्याचा फोटो. तिनं मला सांगितलेलं मी तसंच सांगते : "मले कोणी फोटोसाठी बोलावते तवा मी विधवा असतो. मी हसली तर ते म्हणते, असं नको, दुसरा काढू." मी स्वतः असे फोटो काढलेत. अहवालाला लागतात म्हणून.

तिला कुठं जायचंय, असं मी विचारलं होतं. ती म्हणाली, जिथं माझा नवरा कशानं मेला हे कोणाले माहीत नाही तिथं.

हे ऐकल्यावर मी ठरवलं की आमच्या जाण्याला दुसरं कुठलंही नाव द्यायचं नाही. पण ते तसं सोपं गेलं नाही. एका कार्यालयातून निरोप आला की तुम्ही चांगलं काम करताय, आम्ही खर्च देऊ, टी-शर्ट देऊ, टोप्या देऊ. फक्त पुढच्या सायकलीला फलक लावा आणि गावोगाव संदेश देत जा. संदेश चांगलाच होता, त्याबद्दल तक्रार नाही. आमच्यात दोन बाजू पडल्या. आशाताई म्हणाली, फुकट मिळतंय तर घ्या, मी रोज तसंही संदेशच देत फिरते. तिचं चूक नव्हतं. आणि गंमत अशी की इतिहासही तिच्या बाजूनं आहे. सायकलवर जगाला फेरी मारणारी म्हणून जिचं नाव घेतात ती ॲनी कोपचॉव्हस्की, १८९४ साली अमेरिकेतल्या बोस्टनहून निघाली, तिनं एका पाण्याच्या कंपनीचा फलक सायकलीला लावण्याचे शंभर डॉलर घेतले आणि कंपनीचं 'लंडनडेरी' हे नावसुद्धा स्वतःला लावून घेतलं. घरी तीन लहान मुलं होती. निघाली तेव्हा लांब घागरा आणि एकोणीस किलोची सायकल. शिकागोला पोचेपर्यंत शहाणी झाली. हलकी पुरुषांची सायकल घेतली, घागरा टाकून ढगळ विजार चढवली. बराचसा प्रवास तिनं जहाजानं केला आणि थापाही भरपूर मारल्या, तेही सांगायला हवं. पण १८९५ मध्ये ती परत आली ती आपल्या कमाईवर.

मग आम्ही फलक का नाही घेतला? कारण ॲनीनं फलक विकला होता, जाण्याचं कारण विकलं नव्हतं. आम्हाला मात्र कारणच बदलून मागत होते. बाई रस्त्यावर दिसली की तिच्या हातात काहीतरी असायला हवं : घागर, मूल, सरपण, झेंडा किंवा फलक. तामिळनाडूत पुदुकोट्टई जिल्ह्यात १९९१-९२ मध्ये साक्षरता मोहिमेतून हजारो-लाखो बायका सायकल शिकल्या, शीला राणी चुंकत तेव्हा तिथं कलेक्टर होत्या. मोठं काम. पी. साईनाथ यांनी त्यावर लिहिलंय. तिथल्या बायका पाणी आणायला, माल विकायला सायकल वापरायला लागल्या म्हणून आपण कौतुक करतो. मला वाटतं, एखादी नुसतीच संध्याकाळी चक्कर मारून येत असेल तर तिचंही कौतुक करावं. पण तिची गोष्ट कोण लिहिणार?

इथं बसलेल्या काही जणींच्या मनात आहे ते मी बोलून टाकते. जिल्हा आत्महत्यांचा, कापसाला भाव नाही, आणि ही बाई सुट्टीचे चोचले सांगतेय. माझ्या संस्थेतल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यानं मला हे तोंडावर ऐकवलं. मी त्याला एक आकडा दाखवला. २०१९ च्या सरकारी वेळ-वापर पाहणीत, घरकाम करणाऱ्या बाईची रोजची २९९ मिनिटं बिनपैशाच्या घरकामात जातात. पुरुषाची ९७, तीही जो पुरुष घरकाम करतो त्याची. तो म्हणाला, "मग ही २९९ मिनिटं कमी करण्यासाठी लढा, सायकली कशाला?" मी म्हटलं, लढतोय ना. पण बारा दिवस ती बाई घरात नसेल तेव्हा त्या मिनिटांचं काय होतं, हे तिच्या घरालाही कळू दे की! पुरुषांना हा हिशेब कोणी मागत नाही. १९२३ साली मुंबईचे सहा पारशी तरुण सायकलवर जगप्रवासाला निघाले. त्यातले अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा १९२८ मध्ये जग फिरून परतले. साडेचार वर्षं! त्यांच्या घरी भाकरी कोणी थापल्या, हे कुठं लिहिलेलं मी तरी वाचलं नाही.

आता मार्गाकडं येते, कारण त्यात मला सगळ्यात मजा आली. परदेशच का आणि नेपाळच का? कारण आमच्यात पासपोर्ट एकीकडंच आहे, आणि नेपाळला आपल्याला व्हिसा लागत नाही. पुण्याची वेदांगी कुलकर्णी २०१८ मध्ये एकटी जगाला सायकलनं फेरी मारून आली, सुमारे २९ हजार किलोमीटर, १५९ दिवस, वय वीसच्या आत-बाहेर. स्पेनमध्ये तिला चाकू दाखवून लुटलं, कॅनडात अस्वल मागं लागलं. ती दिवसाला तीनशे किलोमीटर मारायची. मी तिची बातमी आमच्या गटात वाचून दाखवली तेव्हा शिवणवाली म्हणाली, "तिनं तीनशे केले तं आपन तीस करू. अस्वल आपल्याकडंबी आहे." खरंय, टिपेश्वरकडच्या बायकांना ते सांगायला नको. तर दिवसाला तीस ते पंचेचाळीस, असं आमचं गणित.

अंगणवाडीताई आणि शिवणवाली दोघी बौद्ध. लुंबिनी त्यांनी सुचवली. बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला दीक्षा दिली आणि पुढच्याच महिन्यात ते काठमांडूला बौद्ध परिषदेला गेले, आजारी असताना. शिवणवालीची आजी नागपूरच्या दीक्षेला बैलगाडी आणि पायी मिळून पोचली होती. नातीला पुढचा टप्पा करायचाय.

नागपूरहून पाटण्याकडं जायला जी गाडी आहे तिचं नाव संघमित्रा एक्सप्रेस. दानापूरपर्यंत जाते. संघमित्रा म्हणजे अशोकाची मुलगी, बोधिवृक्षाची फांदी घेऊन समुद्रापार श्रीलंकेला गेलेली. परदेशी गेलेली बाईच की! हे मी सांगितल्यावर तिकीट कुठल्या गाडीचं काढायचं यावर चर्चा झालीच नाही.

पाटण्याहून गंगा ओलांडायची. महात्मा गांधी सेतू साडेपाच किलोमीटरहून लांब. वर्धा आणि पैनगंगेचे पूल पाहिलेल्या आमच्या बायकांनी हे दोनदा विचारून घेतलं. पुढं हाजीपूर, वैशाली, केसरियाचा प्रचंड स्तूप, कुशीनगर, गोरखपूर, मग उत्तरेला सुनौलीची सीमा आणि पलीकडं पंचवीस-सव्वीस किलोमीटरवर लुंबिनी. सगळा सपाट मुलूख. आपल्या घाटांसारखं काही नाही. बिहारमध्ये २०१६ पासून दारूबंदी आहे. चोरून मिळते म्हणतात, पण यवतमाळात दारूबंदीसाठी वर्षानुवर्षं मोर्चे काढलेल्या बायकांना तो रस्ता नुसता बघायचा आहे.

या रस्त्यावरून आपल्या आधी एक बाई गेली आहे, उलट्या दिशेनं. महाप्रजापती गौतमी. बुद्धाची मावशी आणि त्याला वाढवणारी आई. तिला संघात यायचं होतं, त्यानं तीनदा नाही म्हटलं. तेव्हा तिनं केस कापले, भगवी वस्त्रं घातली आणि कपिलवस्तूहून वैशालीपर्यंत शाक्य बायकांना घेऊन चालत गेली. ग्रंथांत पाचशे बायका म्हटलंय. पाय सुजलेले, अंगावर धूळ, डोळ्यांत पाणी, अशी ती दाराबाहेर उभी राहिली आणि आनंदनं तिची बाजू मांडली. मग परवानगी मिळाली, पण आठ अटींवर. त्यातली एक अशी की भिक्षुणी शंभर वर्षं जुनी असली तरी आज दीक्षा घेतलेल्या भिक्षूला तिनं वंदन करायचं. हे नियम मागाहून घुसडले, असं बरेच अभ्यासक म्हणतात. असेलही. पण अटी मात्र आमच्या ओळखीच्या निघाल्या.

कारण आम्हालाही घरोघरी परवानग्या मिळाल्या त्या अशाच. 'जा, पण.' आम्ही एका रात्री बसून त्या लिहून काढल्या. जा, पण रोज रात्री फोन कर. जा, पण बारा दिवसांचं पीठ दळून ठेव. जा, पण सासूबाईंच्या गोळ्यांचं सगळं सांगून जा. जा, पण मुलाची परीक्षा व्हायला हवी. जा, पण फोटो व्हॉट्सॲपवर टाकू नको. जा, पण साडी. जा, पण पुन्हा नाही. मोजल्या तर सात भरल्या. आठवी माझ्या घरची होती. माझा नवरा शिकलेला, माझ्या कामाचं कौतुक करणारा. तो म्हणाला, "जा ना, मी कुठं नाही म्हणतो? फक्त मलाही बरोबर येऊ दे, तुमच्या मागं गाडी घेऊन राहतो." त्यानं ते प्रेमानं म्हटलं होतं. मला नाही म्हणायला तीन दिवस लागले. सात अटींवर मी बाकीच्यांच्या घरी जाऊन वाद घातले होते, कायदे सांगितले होते. आठवीला माझी जीभ रेटेना.

गौतमीची गोष्ट मी मुलाला सांगितली तर तो म्हणाला, मग त्या लुंबिनीत काय झालं होतं? मायादेवी बाळंतपणाला माहेरी, देवदहला निघाली होती. माहेरी पोचायच्या आधी, वाटेतच, लुंबिनीच्या बागेत झाड धरून उभी असताना मूल झालं. आशाताईनं हे ऐकून लगेच विचारलं, कळा सुरू झाल्यावर तिला एवढ्या लांब नेलीच काहून? तिचा तो धंदाच आहे.

तिथं अशोकाचा खांब आहे, इसवी सनापूर्वी २४९ च्या सुमाराचा. त्यावर लिहिलंय की बुद्ध इथं जन्मला म्हणून या गावाचा कर माफ आणि शेतसारा पिकाच्या आठव्या हिश्शाइतकाच. आक्काला हे फार आवडलं. "बरं केलं दगडावर कोरलं," म्हणाली, "कागदावर असतं तं तलाठ्याकडं फेऱ्या माराव्या लागल्या असत्या."

कागदांचंही सांगते, कारण तुमच्यापैकी कोणाला जायचं झालं तर उपयोगी पडेल. नेपाळच्या सीमेवर मतदार ओळखपत्र किंवा पासपोर्ट जवळ ठेवा, आधारवर भिस्त ठेवू नका. आमच्या शिवणवालीच्या मतदार कार्डावर नवऱ्याचं नाव-आडनाव, रेशन कार्डावर माहेरचं, बँकेत तिसरंच. ज्या माणसानं तिला टाकली त्याचं नाव लावून तिला देशाबाहेर जावं लागणार होतं. दुरुस्तीचा आठ नंबरचा अर्ज भरला, तीन खेटे घातले, आता कार्डावर तिचं आणि तिच्या वडिलांचं नाव आहे. या सगळ्या खटाटोपात हेच आमचं आजवरचं पक्कं काम. नेपाळचा रुपया आपल्या एका रुपयाला एक रुपया साठ पैसे, १९९३ पासून तोच भाव. शंभराच्या नोटा जास्त ठेवा, त्यांना अडचण येत नाही. २०१८ मध्ये त्यांनी शंभराच्या वरच्या भारतीय नोटा बंद केल्या होत्या. आपलं सिमकार्ड रोमिंग घेतल्याशिवाय चालत नाही. मोटारीला तिकडं जाताना भन्सार, म्हणजे जकात, भरावी लागते. आणि तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा पंधरा मिनिटं पुढं. अंगणवाडीताई म्हणाली, आयुष्यातली पंधरा मिनिटं गेली कुठं, ते परत येताना मिळतील.

फेब्रुवारी का, तर डिसेंबर-जानेवारीत त्या बाजूला धुकं इतकं असतं की समोरचा ट्रक दिसत नाही. मार्चनंतर ऊन. आणि फेब्रुवारीपर्यंत आपल्याकडची कापूस वेचणी बहुतेक आटोपते. आक्काला त्याआधी निघताच येत नाही, कोणाला वाटलं तरी.

सायकली आमच्या साध्याच आहेत. बिनगिअरच्या. एका दुकानदारानं पंधरा हजारांच्या गिअरवाल्या दाखवल्या आणि या साध्यांवर परदेश होत नाही म्हणून सांगितलं. तेव्हा मी त्याला डर्व्हला मर्फीची गोष्ट सांगितली. आयर्लंडची बाई. दहाव्या वाढदिवसाला तिला सायकल आणि नकाशांचं पुस्तक मिळालं, तेव्हाच तिनं ठरवलं की भारतात सायकलनं जायचं. पण शाळा सोडून आजारी आईची सेवा करण्यात तिची सोळा वर्षं गेली. आई-वडील गेल्यावर, एकतिसाव्या वर्षी, जानेवारी १९६३ मध्ये ती निघाली आणि दिल्लीला पोचली. निघण्यापूर्वी तिनं सायकलीचे गिअर काढून टाकले होते, आशियातल्या रस्त्यांवर ते टिकणार नाहीत म्हणून. नंतर ती तिबेटी निर्वासितांच्या छावणीत काम करायला गेली. २०२२ मध्ये नव्वदीत वारली. दुकानदार म्हणाला, ती गोरी होती. यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं. पण साधी सायकल बिहारच्या कुठल्याही खेड्यात पंक्चरवाल्याला दुरुस्त करता येते, हे त्यानंच नंतर कबूल केलं.

सीट इतकी वर हवी की पेडल खाली असताना गुडघा जवळजवळ सरळ होईल. आपण बायका पाय टेकायला हवेत म्हणून सीट खाली ठेवतो आणि मग गुडघे धरतात. फार मऊ सीट घेऊ नका, तासाभरात ती रुततेच. मांड्या सोलवटतात, शिवण नसलेली आतली चड्डी आणि खोबरेल तेल. पाळी मध्ये येणार, निदान दोघींची. त्या दिवसांत वीसच किलोमीटर, आणि त्याबद्दल कोणी कोणाची माफी मागायची नाही. दोन ट्यूब, पंप, पाने, सोल्युशन, चेनचं तेल. कॅरिअरच्या दोन्ही बाजूंच्या पिशव्या शिवणवालीनं खताच्या पोत्यांच्या शिवल्यात, आतून जुनी ताडपत्री. एकावर अजून युरिया लिहिलेलं दिसतं.

सुरक्षिततेचं विचाराल, ते खरं सांगते. सरावाला आम्ही यवतमाळहून कळंबला जातो, बावीस-तेवीस किलोमीटर, चिंतामणीपर्यंत. तिसऱ्या रविवारी दोन मोटारसायकलवाले पोरं दोन किलोमीटर आमच्या बाजूनं मोबाईलवर शूटिंग करत आले. आम्ही पाच जणी होतो, माझ्या गळ्यात शिट्टी होती, कायद्याची कलमं मला पाठ आहेत. तरी आम्ही घाबरलो. चहाच्या टपरीवर अर्धा तास बसून राहिलो आणि त्या दिवशी कळंबला न जाता परत फिरलो. त्यानंतर नियम केले : दुपारी चारनंतर सायकल चालवायची नाही, मुक्काम आधी ठरलेला हवा, शक्यतो विहारात किंवा धर्मशाळेत, आणि रांगेत सगळ्यात मागं सगळ्यात हळू जाणारी नाही तर सगळ्यात दणकट असेल. ती आक्काच आहे. पुढच्या रविवारी आम्ही पुन्हा गेलो. पोरं आली नाहीत. आली असती तर काय केलं असतं, ते अजून ठरलेलं नाही.

आणि नोंदवही. पुढच्या बैठकीत पुन्हा चर्चा झाली, तास-दीड तास. एक बाई रागावून उठून गेली. तिची मुलगी दवाखान्यात होती आणि तिला मागच्या महिन्यात पूर्ण रक्कम मिळाली नव्हती. तिचा राग खरा होता. आक्का म्हणाली, माझे सहातले दोन तिले द्या, मी चारमध्ये भागवतो. तसं झालं. मग सचिव मुलीनं पेन उघडलं आणि रकान्यात लिहिलं : 'फिरायला जाणे (स्वतः)'. शेकडा दोन रुपये व्याज, दहा हप्ते. त्याच बैठकीत आणखी दोघींनी हळूच विचारलं की असं कर्ज पुढच्या वर्षी मिळेल का.

अंगणवाडीताईच्या रजेचा अर्ज अजून अडकलाय. तिला सांगितलंय, घरगुती कारण लिहून दे, लगेच मंजूर होईल. ती म्हणते, आक्कानं खरं लिहिलं तर मीही खरंच लिहीन. रजा नाही मिळाली तर आम्ही चार जणी जाऊ आणि तिच्यासाठी लुंबिनीची माती आणू, असं मी म्हटलं तर तिनं मला झापलं. माती नको, रजा पाहिजे, म्हणाली. तुमच्यापैकी ज्यांना या अर्जाबाबत काही करता येण्यासारखं असेल त्यांनी मला चहाच्या वेळी भेटा.

येत्या रविवारी आम्ही कळंबला जातोय. पहाटे साडेपाचला बसस्टँडसमोर. ज्यांच्या घरी मुलीची सायकल पडून आहे त्यांनी ती काढा, सीट आपल्या उंचीची करा, हवा भरा. पंप माझ्याकडं आहे.